सायकलचं मीटर आणि खरा आकडा

चाळिशी ओलांडलेली बाई सायकलवर दिसली की गल्लीला आधी हसू येतं, मग सवय होते. लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि तिची २४ इंची सायकल अंगणात गंजत पडली. वाड्यावस्त्यांवर जायला मी तीच बाहेर काढली. दिवाळीत मुलाने विचारलं, "आई, तुला काय आणू?" म्हटलं, "साडी नको. सायकलला मीटर हवंय."

तो हसला, पण माझं कारण पक्कं होतं. एका वस्तीवरच्या मुली पाचवी झाली की घरी बसतात. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत हवी. कागदावर अंतर होतं अडीच. बाया म्हणायच्या, "ताई, लई लांब हाय वो!" खरं किती, ते कुणी मोजलंच नव्हतं.

दुकानात तीन तऱ्हा दिसल्या. वायरचं, बिनवायरचं आणि उपग्रहावरून अंतर काढणारं. तिसरं महाग, शिवाय मोबाइलसारखं चार्ज करावं लागतं. मी वायरचंच घेतलं. स्वस्त, आणि घड्याळात असतो तसल्या बटण सेलवर चालणारं. आकडे मात्र मोठे बघून घेतले, चष्मा काय सारखा सापडतो का! वेग, आजचं अंतर, एकूण अंतर आणि घड्याळ, एवढं आपल्याला पुष्कळ.

बसवणं सोपं आहे. पुढच्या चाकाच्या स्पोकला छोटं लोहचुंबक, चिमट्याला सेन्सर. दोघांत काही मिलिमीटरचीच फट हवी, पण घासता कामा नये. वायर ब्रेकच्या केबलला गुंडाळायची, म्हणजे हँडल वळवताना ताणत नाही. चाक एकदा फिरलं की चुंबक एकदा सेन्सरसमोरून जातं, आणि मीटर तेवढे फेरे मोजतं.

पहिल्याच दिवशी शाळेपासून वस्तीच्या देवळापर्यंत गेले. आकडा आला ३.३! आनंदाने घरी येऊन अर्ज लिहायला बसले. मुलगा म्हणाला, "आई, चाकाचं माप टाकलंस का?" माझा चेहराच पडला. मीटरमध्ये कारखान्यातून आलेलं माप होतं २१५५ मिलिमीटर, मोठ्या चाकाचं.

मग अंगणात व्हॉल्व्ह खाली आणून खडूने खूण केली. सीटवर बसून चाक एक पूर्ण फेरा पुढे नेलं, दुसरी खूण केली. शिवणाच्या टेपने मोजलं तर १८९० भरलं. तेवढं माप टाकून, आजचं अंतर शून्यावर आणून, पुन्हा तोच रस्ता. आता आकडा आला २.९.

खरं सांगते, रात्री मनात आलं, पहिलाच आकडा लिहिला तर कोण बघतंय? पण उद्या कुणी मोजायला आलं तर? एका खोट्या आकड्यापायी त्या बायांचं खरं म्हणणंही खोटं ठरलं असतं.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेले तर एक आजी म्हणाली, "बये, देवळात कोन ऱ्हातं? पोरी तर वढ्यापल्याड ऱ्हात्यात." पुन्हा शाळेपासून सुरुवात केली. ओढ्यात सायकल हाताने ढकलली. चाक फिरतंय तोवर मीटर मोजतंच. पाच मुलींच्या दारात आकडा आला ३.५.

तोच आकडा, चाकाच्या मापासकट, अर्जात लिहिलाय. निकाल लागेल तेव्हा लागेल. मी मात्र आता मोजलेलंच बोलते.

तुम्हीही मीटर घ्या. चालवताना नजर रस्त्यावरच ठेवा, आकडा उतरल्यावर बघा. आणि हो, आधी चाकाचं माप टाका!