घरचा शेंगदाणा केक : आधी दाणा निवडा



पूर्वी वाढदिवसाला औक्षण केलं, लेकराच्या हातावर साखर ठेवली की झालं. आता पाटोद्याच्या वाडी-वस्तीवरही पोरं केक मागतात. मागू द्या की! काजू-बदाम महाग असले तरी भुईमूग आपल्या रानातला आणि साखर आपल्याच उसाची आहे.

कृती सोपी आहे. २ वाट्या बारीक रवा, १ वाटी पिठीसाखर, १ वाटी दही, अर्धी वाटी पातळ तूप व लागेल तसे दूध कालवून अर्धा तास झाकून ठेवावे. त्यात भाजून सोललेल्या दाण्याचे अर्धी वाटी कूट घालावे. लहान लेकरांच्या घशात दाणा अडकतो, म्हणून कूट बारीकच करावे. शेवटी १ लहान चमचा बेकिंग पावडर व पाव चमचा खाण्याचा सोडा मिसळून लगेच तूप लावलेल्या डब्यात अर्ध्यापर्यंत भरावे.

भट्टी नसली म्हणून अडत नाही. फुटाणेवाला तापल्या वाळूत दाणे भाजतो, तीच युक्ती. जाड कढईत दोन बोटे कोरडी वाळू तापवून त्यावर डबा ठेवावा, वर झाकण घालावे. मंद आचेवर साधारण पाऊण तासात केक होतो. सुरी खुपसून कोरडी निघाली की उतरावा.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे चांगला दाणा बाजारात जातो अन् काळपट, सुरकुतलेला घरी उरतो. ‘कुटात काय दिसतंय’ म्हणून तोच वापरला जातो. हे करू नका. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेता दोष भुईमुगाच्या पेंडीतल्या बुरशीचा निघाला. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते माणसाच्याही यकृताला बाधते आणि भाजल्याने किंवा केकच्या आचेने पुरते जात नाही.

बुरशी धरलेला, कडवट दाणा गाईलाही घालू नये; विष दुधात उतरते. तो पुरून टाकावा. शेंगा खुळखुळ वाजेपर्यंत वाळवाव्या, पोती ओल्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावीत.

विकायला निवडतो, तसाच दाणा लेकरांसाठीही निवडावा. मग केक खुशाल गोड मानून खावा!