पतीचे दिवाळे आणि पत्नीची पत

दिवाळीच्या अंकात दिवाळ्याचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांना हळदकुंकू वाहतो. पण आपल्या पतीविषयी, म्हणजे बाजारातल्या पतीविषयी, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली वही आपण सहसा उघडूनही पाहत नाही.

मी बँकेच्या कर्जखात्यातून निवृत्त झालो, तरी शेजारीपाजारी कागद दाखवायला येतात. गेल्या वर्षी आमच्या चाळीतली एक सून आली. ती शाळेत शिक्षिका. यजमानांचा गिरगावातला छापखाना बुडाला आणि कोर्टाने त्यांना नादार ठरवले. अशातच मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी आईचे नाव सहकर्जदार म्हणून घातले, तर बँकेने अर्ज परत केला.

"काका, दिवाळं यांचं निघालं. मग माझी पत का बुडावी? लग्न झालं म्हणून?"

प्रश्न रास्त होता. लग्नाने दोघांची पत एक होत नाही. नवराबायकोचे पतपत्रक निरनिराळे असते आणि एकाचे दिवाळे दुसऱ्याच्या पत्रकात आपोआप उतरत नाही. ते उतरते सहीच्या वाटेने.

"आधी पत्रकं मागव," मी म्हटले. आपल्याकडे अशी माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण पत्रक फुकट मिळते. चौघींकडची माहिती सारखीच असते असे नाही, म्हणून चारही पाहावीत.

तिच्या पत्रकांत यजमानांशी गुंतलेल्या चार नोंदी निघाल्या.

पहिली, त्यांच्या क्रेडिट कार्डावर तिला मिळालेले ॲड-ऑन कार्ड. ते परत केले आणि तिचे नाव काढल्याचे बँकेकडून लेखी घेतले.

दुसरी, घरदुरुस्तीचे संयुक्त कर्ज. इथे पुष्कळांची समजूत चुकते. नादाराला कोर्टाने ऋणमुक्त केले, तरी त्याच्याबरोबर सही करणारा सुटत नाही. मुंबई शहराला लागू असलेला १९०९ चा नादारी कायदा आणि जिल्ह्यांसाठीचा १९२० चा, दोन्ही हेच सांगतात. घटस्फोट झाला किंवा नवराबायकोने आपसांत कागद केला, तरी तो बँकेवर बंधनकारक नाही. तिने थकलेले हप्ते भरले आणि पुढचे स्वतःच्या पगारातून चालू केले. "थोडक्यात तडजोड करून मिटवू का?" असे तिने विचारले होते. मी नको म्हटले. तडजोडीचा शेरा पत्रकात राहतो आणि पुढची बँक तो वाचते.

तिसरी नोंद सर्वांत जड. छापखान्याच्या खात्याला ती जामीन होती. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. चालू जामीनकी पुढच्या व्यवहारांपुरती सूचना देऊन मागे घेता येते, असे १३० वे कलम म्हणते. झालेल्या कर्जाची मात्र नाही. तिने सूचना दिली. जुन्या रकमेचे हप्ते ती आजही फेडते आहे.

चौथी नोंद निव्वळ चूक होती. यजमानांचे एकट्याचे कर्ज तिच्या नावावर चढले होते. तिने रीतसर तक्रार केली. अशा तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. तिच्या बाबतीत नोंद मुदतीत निघाली.

पहिल्या वर्षाची फी आजोबांनी भरली. कर्ज मंजूर झाले ते दुसऱ्या वर्षी.

या काळात यजमानांना फार लागले असेल, असे मला वाटत होते. पण पत्रकांची फाईल लावून दिली ती त्यांनीच. "निदान हिचं नाव तरी धड राहू दे," एवढेच ते म्हणाले.

वाचकहो, दिवाळे निघाल्यावर वह्या वेगळ्या करणे म्हणजे संसार वेगळा करणे नव्हे. घरात एकाची पत शाबूत राहिली, तर तिच्या आधाराने दुसऱ्यालाही उभे राहता येते. यंदा भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर बहिणीला एवढे मात्र आवर्जून सांगा: घरच्या माणसासाठी सही जरूर करावी, पण कागद पुरता वाचून आणि त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवून.