सीमोल्लंघनाची शिदोरी

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी अपराह्णकाळी गावाची वेस ओलांडून ईशान्येस जावे, शमीचे अथवा आपट्याचे पूजन करावे आणि सुवर्णपर्णे घेऊन घरी परतावे, अशी आपली परंपरा आहे. पावसाळा ओसरून वाटा मोकळ्या झाल्या की एके काळी मराठ्यांच्या फौजा याच सुमारास मुलूखगिरीस बाहेर पडत. आज आपणा बहुतेकांचे सीमोल्लंघन जवळच्या देवळापर्यंत जाऊन संपते. तरीही या शब्दाचा मूळ अर्थ ज्यांच्या मनात जागा आहे, अशी माणसे घरोघरी असतात. नुकतेच महाविद्यालयीन शिक्षण संपविलेले आपले मुलगे व मुली ती हीच. आजचे हे चार शब्द त्यांच्यासाठी आणि त्याहूनही अधिक त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठी आहेत.

पदवीधरास आपल्या भाषेत 'स्नातक' असा सुंदर शब्द आहे. गुरुगृही अध्ययन पूर्ण झाले की शिष्याने विधिपूर्वक स्नान करून घरी परतावयाचे, हा समावर्तन संस्कार. त्यालाच आपण सोडमुंज म्हणतो. सोडमुंजीतला एक प्रसंग वाचकांनी अनेकदा पाहिला असेल. बटू छत्री व काठी घेऊन, लाडवांची शिदोरी बांधून काशीयात्रेस निघतो. तो चार पावले जातो न जातो तोच मामा त्याला अडवतो आणि आपली मुलगी देण्याचे वचन देऊन परत आणतो. मंडळी हसतात, पंगत बसते. या गमतीत एक जाणतेपण आहे. विद्या संपविलेल्या तरुणास पहिली ओढ वाटेची लागते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. मात्र त्याला वाटेवरून माघारी आणण्याची घाई आपणा मोठ्यांस किती असते, हेही त्यात दिसते.

आम्ही १९७४ साली पदवी परीक्षा उत्तीर्ण झालो. घर वाईचे, कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. नोकरीत अडकण्यापूर्वी एकवार काशी पाहावी, प्रयागचा संगम पाहावा, असे मनाने घेतले. वडील काहीच बोलले नाहीत. आई म्हणाली, "अरे, वाई ही दक्षिणकाशीच की! आणखी कुठली काशी हवी तुला? आणि जायचेच असेल तर चातुर्मास तोंडावर आलाय. या दिवसांत संन्यासीसुद्धा एका जागी राहतात. दसरा होऊ दे, मग जा." त्यातून त्या वर्षी भाद्रपद अधिक आलेला! चार महिन्यांचे पाच झाले. त्या पाच महिन्यांत आमचा सारा प्रवास माजघरातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून माजघरात, एवढाच घडला.

तो प्रवास मात्र वाया गेला नाही. पंचांग भिंतीवर टांगलेले असले, तरी ते खरे वाचले जाते चुलीपाशी, हे आम्हांस तेव्हा कळले. आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, थालीपिठे मनसोक्त खाऊन घ्यावयाची, कारण एकादशीपासून कांदा, लसूण व वांगे घरातून हद्दपार. वर्षाऋतूत जठराग्नी मंद होतो, असे आयुर्वेद सांगतो. आई त्याचे कारण न सांगता पथ्य सांभाळी. आषाढात तळणीच्या कापण्या, दिव्याच्या अवसेला कणकेचे गोड दिवे. नागपंचमीस चिरणे नाही, तळणे नाही, तवा ठेवणे नाही, म्हणून पुरणाची दिंडे उकडावयाची. नारळी पौर्णिमेस केशर-वेलदोडा घातलेला नारळीभात.

प्रत्येक वेळी आमची पिशवी तयार, आणि प्रत्येक वेळी आईचा एक शब्द तयार. "नारळीभात खाऊन जा." अधिकमासात जावयाला वाण द्यावयाचे म्हणून तीन दिवस तांदूळ भिजवून अनारशांचे पीठ झाले, तेव्हा, "अधिकात कुणी प्रवासाला निघतं का?" मग मोदक. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेली भाजी. ज्येष्ठागौरींच्या नैवेद्यास पुरणपोळी आणि सोळा भाज्या. पितृपंधरवड्यात वडे, खीर, अळूची भाजी व आमसुलाची चटणी. खोटे कशाला बोला, आम्ही मनातून चिडलो होतो. आपल्या जिभेला गूळ लावून आई आपल्याला दाव्यास बांधते आहे, असे वाटे.

दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही आपट्याची पाने घेऊन घरी आलो. आईने ओवाळले, आणि आत येऊन पाहतो तो चुलीपुढे परातीत ज्वारीचे पीठ दुधात भिजविलेले. दशम्यांचे पीठ! वाटेच्या शिदोरीचे शास्त्र आपल्या आया-आज्यांनी किती विचाराने बसविले आहे, पाहा. पाण्यात भिजविलेली भाकरी लवकर कडक होते, आणि तिला सोवळ्या-ओवळ्याची अडचण. दुधातली दशमी दोन-तीन दिवस मऊ राहते आणि प्रवासात चालते. मोदक घरच्या पाटावर बसून खावयाचा; तो गावची वेस ओलांडीत नाही. दशमी मात्र वेशीबाहेर जाण्यासाठीच जन्मास येते. आईने दशम्यांबरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकुटाची पुडी आणि बेसनाचे लाडू दिले. "भात रांधता येतो ना आता?" एवढेच तिने विचारले. पाच महिने तिने आम्हांस चुलीपाशी का बसविले होते, याचा उलगडा तेव्हा झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही पुण्यास, व तेथून गाड्या बदलीत काशीस गेलो. घाटांचे, विश्वनाथाचे वर्णन येथे नको. ते वाचकांनी पुष्कळ वाचले आहे. दिवाळीच्या तोंडावर गंगाजलाचे दोन गडू घेऊन आम्ही परतलो. घरी मावंदे झाले. एक गडू त्या दिवशी उघडला आणि आईच्या मस्तकावर गंगा घातली. दुसरा देवघरात ठेवला.

यात आम्ही काही नवे केले नव्हते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेस गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. मिळविलेले द्रव्य वाटेत गेले, पण खांद्यावरच्या कावडीतून आणलेल्या गंगोदकाने त्यांनी आई-वडिलांस स्नान घातले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला आणि मराठीत अजरामर झाला. श्रीनामदेवांस तर पंढरी सोडून जाणेच नको होते. ज्ञानदेवांच्या आग्रहाने ते तीर्थयात्रेस गेले. परतल्यावर त्यांचे मावंदे खुद्द पांडुरंगाने घातले, अशी कथा संतचरित्रांत आहे. तेच नामदेव पुढे पंजाबात घुमानपर्यंत पोचले, आणि त्यांची ६१ पदे आज गुरुग्रंथसाहेबात वंदिली जातात. जाण्यास शिदोरी आणि येण्यास मावंदे! यात्रेची दोन्ही टोके आपल्या धर्माने स्वयंपाकघरास बांधली आहेत.

परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आम्ही परत आल्यावर आईने देवदर्शनाचे थोडे विचारले आणि बाकीचेच फार. घाटाला पायऱ्या किती, पाणी गार का, तिथल्या बायका चुलीला काय जाळतात, भात कसा शिजतो, असे ती चार दिवस विचारीत होती. "पुढच्या वर्षी तुला नेतो," असे आम्ही म्हणालो. पुढच्या वर्षी नोकरी होती. नंतर घर, मुले, मग तिचे गुडघे. १९८८ साली आई गेली. देवघरातला तो दुसरा गडू त्या दिवशी उघडला. गंगा आईकडे दोनदा आली, पण आई गंगेकडे एकदाही गेली नाही. दर दसऱ्याला पाने वाटताना हे आम्हांस आठवते.

यंदा आमची नात पदवीधर झाली. तिला मैत्रिणीबरोबर पायी नर्मदा परिक्रमा करावयाची आहे. चातुर्मासात परिक्रमा थांबते, म्हणून प्रबोधिनी एकादशी झाल्यावर ओंकारेश्वराहून निघावे, असा बेत. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. मैया उजव्या हातास ठेवून, सागरसंगमापर्यंत पात्र न ओलांडता दोन्ही तीर चालावयाचे. ऐकताच आम्ही काय म्हणालो असू? "गौरी तर होऊ देत!" आईचे शब्द आमच्या तोंडून आले. पोर हसली नाही. म्हणाली, "आजोबा, मुलाला निदान अंगणापर्यंतची काशी मिळते. मुलीला तुम्ही तेवढीही देत नाही."

आम्ही निरुत्तर झालो. त्यानंतर तीन महिने ती तिच्या आजीजवळ चुलीपाशी बसली. परिक्रमावासीयांना वाटेत सदावर्त मिळते. पीठ, डाळ, तांदूळ यांचा कोरडा शिधा. रांधावयाचे आपले आपण. परसात तीन दगड मांडून, ओल्या काटक्यांचा धूर डोळ्यांत घेत, तिने भाकरी थापली. पहिल्या दिवशी करपली, आठव्या दिवशी फुगली. आमच्या आईने आम्हांस दिलेले तेच शिक्षण, पण या वेळी मागून घेतलेले.

भीती वाटत नाही असे नाही. वाट दूरची आहे, दिवस आपले नाहीत, असे शेजारी सांगतात आणि ते अगदीच चूक नाही. म्हणून मुक्कामांची यादी आम्ही करविली आहे, रोज रात्री घरी निरोप द्यावयाचा असे वचन घेतले आहे. काळजी करणे हा वडीलधाऱ्यांचा धर्मच आहे. परंतु काळजीने शिदोरी बांधावी, पाय बांधू नयेत.

आज संध्याकाळी नात आमच्याबरोबर वेशीपर्यंत येईल, आपट्याची पाने घेईल. प्रस्थानाचे दिवशी दशम्यांचे पीठ तिच्या आजीने भिजवावयाचे, असे घरात ठरले आहे. ती परत येईल तेव्हा मावंदे होईलच. वाचकहो, आपल्याही घरात यंदा एखादा स्नातक, एखादी स्नातिका खिडकीशी उभी राहून दूर पाहत असेल. तिच्या हाती आज सोने द्याल, तेव्हा कोठे जावेसे वाटते, एवढे एकदा विचारा. आणि घरातल्या म्हाताऱ्या आईलाही विचारा. तिचे तर पुढच्या वर्षावर अजिबात टाकू नका.