ज्वारीची भाकर का तुटते?

भाकर तुटली की घरात पहिला दोष करणारीच्या हाताला लागतो, आणि ती नवी सून असली तर तिच्या माहेरालाही. खरे पाहता बहुतेक वेळा दोष पिठात किंवा पाण्यात असतो. ही गोष्ट किरकोळ समजू नये. दारव्हा तालुक्यातील एका गावी पीक नियोजनाची बैठक चालू असताना ज्वारीचा विषय निघाला, तेव्हा एक वयस्क बाई म्हणाल्या, "साहेब, सुनेले भाकर येत नाई, मंग ज्वारी पेरून खाऊ कोनाले घालाची?" सारे हसले, पण बाईंचे म्हणणे खरे होते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या पाट्यात ज्वारी आणि तूर असायची. दाणा घराला, कडबा बैलांना. आता शेत कपाशी, सोयाबीन व तुरीने भरलेले असते. ज्वारी मागे पडण्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत: भाव नाही, रानडुकरे व पाखरे पीक ठेवत नाहीत, कापणी-मळणीला मजूर मिळत नाही. भाकर न जमणे हे त्यांतले एक कारण कोणी मोजत नाही. पण तेवढे एक तरी घरच्या घरी दूर करता येते.

गव्हाच्या कणकेत पाणी घातले की चिवट, ताणला जाणारा पदार्थ तयार होतो. त्यामुळे पोळी लाटता येते आणि यीस्ट घातलेला पाव हवा धरून फुगतो. ज्वारीत तो चिवट पदार्थ नाही. म्हणून तिच्या पिठात यीस्ट घालून उपयोग नाही आणि पीठ भिजवून तासभर झाकून ठेवण्याचीही गरज नाही. ज्वारीला बांधून ठेवते ते तिच्यातील पिष्ट. साधारण ७० अंशांच्या आसपास उष्णता मिळाली की पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात व चिकट होतात. कोमट पाण्याने हे होत नाही. पाणी उकळतेच हवे.

तरीही आधी पीठ पाहावे. ज्वारीच्या अंकुरात तेलाचा अंश असतो. दळल्यावर तो हवेत उघडा पडतो, मग पीठ कडवट होते आणि जुन्या बाया म्हणतात तशी त्याची विरी जाते. एका वेळी आठवड्याला पुरेल इतकेच दळावे, उन्हाळ्यात त्याहून कमी. दळण बारीक मागावे. चक्कीवरून आणलेले गरम पीठ तसेच डब्यात कोंडू नये, पसरून निवू द्यावे.

आता कृती. दोन वाट्या पिठाला दीड वाटीच्या आसपास पाणी लागते. पीठ जुने-नवे असेल तसे थोडे कमीजास्त. गंजात पाण्याला उकळी आली की चिमूटभर मीठ टाकावे, निम्मे पीठ सोडावे, चमच्याच्या दांड्याने ढवळून खाली उतरवावे व पाच मिनिटे झाकावे. मग परातीत काढून उरलेले पीठ मिसळावे. एका भाकरीपुरता गोळा घेऊन तळहाताच्या मुळाने रेटून मळावा. मळणे हीच खरी मेहनत आहे. येथे घाई केली की कडा फाटतात. गोळा मऊ, कानाच्या पाळीसारखा लागला की खाली कोरडे पीठ पसरून बोटांनी थापत फिरवावा.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्यावी आणि लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवावा. वरचे कोरडे पीठ ओले होऊन त्याचा पापुद्रा बनतो. पाणी सुकत आले की सराट्याने उलटावी. पार सुकू दिले तर तडे जातात. दुसरी बाजू नीट भाजून घ्यावी, मग पहिली बाजू निखाऱ्यावर किंवा गॅसच्या आचेवर धरावी. आतली वाफ पापुद्रा उचलते आणि भाकर टम्म फुगते. फुगली नाही तर जाडी एकसारखी नव्हती किंवा कोठे तरी भोक पडले असे समजावे. कडक झाली तर आच मंद होती.

थापणे जमत नसेल त्या मुलींनी खुशाल पोळपाटावर पीठ टाकून हलक्या हाताने लाटावी. यात कमीपणा नाही. उकड नीट घेतलेली असेल तर लाटलेली भाकरही फुगते. वेचणीच्या दिवसांत पहाटे पाव-बिस्किटांवर न्याहारी उरकण्यापेक्षा हे बरे. सवय झाली की चार भाकरी अर्ध्या तासाच्या आत होतात.

कधी कधी मात्र सारे नीट करूनही भाकर तुटते. तेव्हा दाणा पाहावा. खरिपाची ज्वारी पक्व होताना पाऊस लागला की कणसावर बुरशी येते, दाणा काळा पडतो, क्वचित आतून अंकुरतोही. मग पिष्टच मोडलेले असते; विरी येणार कोठून? दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरून झाला असे समजून कापणी करावी आणि कणसे उन्हात वाळवावीत. बुरशीचा दाणा खाऊ नये. भाजल्याने तिचे विष पूर्ण जात नाही.

संकरित ज्वारीवरही भाकरीवरून पूर्वी बराच वाद झाला. सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण १९६४ साली आला. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक त्या वेळी मुख्यमंत्री होते आणि त्यांनी संकरित बियाण्याचा जोरदार पुरस्कार केला. उत्पन्न वाढले, पण भाकरीला चव नाही अशी ओरड झाली व बाजारात भावही कमी मिळाला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो आली. ती खाल्लेल्यांना आजही तिची आठवण नको वाटते. म्हणून घरच्यासाठी वाण निवडताना उताऱ्याबरोबर भाकरीचीही चौकशी करावी. बियाणे घेण्याआधी शेजाऱ्याकडून त्या वाणाची पायलीभर ज्वारी आणून भाकर करून पाहणे उत्तम.

एक गैरसमज अलीकडे फार पसरला आहे. ज्वारी खाल्ली की मधुमेह बरा होतो असे सांगतात. तसे नाही. ज्वारीतही मुख्यत्वे पिष्टच आहे. शंभर ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे १० ग्रॅम. डाळ, अंबाडीची भाजी, ताक यांच्या जोडीने ती चांगली. गोळ्या बंद करण्याचे ते निमित्त नव्हे.

पाच माणसांचे घर दिवसातून एक वेळ भाकर खाईल तर रोज पाऊण किलो पीठ पुरते, म्हणजे वर्षाला पावणेतीन क्विंटलच्या जवळपास. एकरी सहा क्विंटलचा उतारा धरला तरी अर्ध्या एकरात घराची सोय होते, वर कडबा मिळतो. बियाणे दीड ते दोन किलो लागेल. राखणीला सोपे जावे म्हणून जागा घराजवळची किंवा शेजाऱ्याच्या ज्वारीला लागून निवडावी. पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढे नेऊ नये. उशिराच्या ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते.