गडग्यांवर पिकणारी वाइन

कोकणात बागेच्या कडेने चुना-सिमेंट न वापरता नुसते दगड एकमेकांत बसवून गडगा घालतात. तसेच गडगे समुद्रकाठच्या अख्ख्या डोंगराला एकावर एक घातले, तर इटलीतल्या चिंक्वे तेर्रेचं चित्र तयार होईल. चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच गावं: मोंतेरोस्सो, वेर्नाझ्झा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. लिगुरिया प्रांतातल्या या किनाऱ्यावर सपाट जमीन जवळजवळ नाहीच. वेल लावायची तर आधी जमीन तयार करावी लागली. साधारण हजार वर्षांपूर्वी लोकांनी उतार फोडायला घेतला. निघालेल्या दगडांचा गडगा रचायचा, त्यामागे माती भरायची, की एक पायरी तयार. अशा गडग्यांची लांबी हजारो किलोमीटर भरते.

गडग्यात चुना नाही, याचं कारण गरिबी नव्हे. पावसाचं पाणी दगडांमधल्या फटींतून झिरपून जातं. फटी बुजवल्या तर पाणी मागे तुंबतं, माती फुगते आणि भिंत पोट काढून कोसळते. म्हणूनच दर हिवाळ्यात ढासळलेले दगड उचलून पुन्हा बसवणं, हे इथल्या शेतकऱ्याचं छाटणीइतकंच नेहमीचं काम.

या कष्टांचं फळ फार पूर्वीच नावाजलं गेलं. बोकाच्चोच्या चौदाव्या शतकातल्या 'डेकॅमेरॉन'मध्ये एक दरोडेखोर पोटदुखीने बेजार झालेल्या मठाधिपतीला पकडतो आणि भाजलेला पाव व कोर्नील्याची वाइन देऊन बरा करतो!

आजही बॉस्को, अल्बारोला आणि वेर्मेंतिनो या पांढऱ्या द्राक्षांवरच इथली वाइन उभी आहे. खारा वारा झोंबू नये म्हणून मांडव इतका ठेंगणा घालायचे, की त्याखाली वाकून, प्रसंगी रांगत तोडणी करावी लागे. रोजची वाइन हलकी, कोरडी. मानाची मात्र शाक्केत्रा. तिच्यासाठी निवडक घड सावलीत, हवेशीर जागी पसरून वाळवतात. नियमानुसार १ नोव्हेंबरच्या आधी ते पिळता येत नाहीत. तोवर पाणी उडून साखर दाटते. शंभर किलो द्राक्षांमागे वाइन निघते जेमतेम तीस-पस्तीस लिटर, अंबरासारख्या रंगाची आणि मधाळ. लग्न-बारशाला, आजारातून उठलेल्याला आणि घरी आलेल्या पाहुण्याला ती घोटभर द्यायची.

एकोणिसाव्या शतकात मात्र डोंगर रिकामा व्हायला लागला. १८६९ साली शेजारच्या ला स्पेत्सियात नौदलाची गोदी उघडली. १८७४पर्यंत जेनोवा-ला स्पेत्सिया रेल्वे पूर्ण झाली. पाठीवर ओझं वाहण्यापेक्षा महिन्याचा पगार बरा, हा हिशेब तरुणांना कळायला वेळ लागला नाही. त्यातच विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फिलोक्सेरा ही कीड आली आणि वेलींची मुळं खाऊन गेली. उपाय एकच: अमेरिकन खुंटावर कलम करणं. खुंटावर बाग उभी करणाऱ्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला ही युक्ती नवी नाही. पण इथे प्रत्येक रोप पायऱ्या चढून वर न्यायचं होतं. अनेकांनी नाद सोडला.

सावरायला सुरुवात झाली १९७३ साली. त्या वर्षी इथल्या वाइनला 'डीओसी' हा मूळस्थानाचा कायदेशीर दर्जा मिळाला आणि शेतकऱ्यांची सहकारी संस्थाही उभी राहिली. पुढे उभ्या उतारावर एकाच दातेरी रुळावरून चालणारी गाडी आली आणि द्राक्षांचे क्रेट खांद्यावरून उतरले. १९९७ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला, १९९९ साली राष्ट्रीय उद्यान झालं. २०१८ साली इटलीसह आठ देशांची बिनचुन्याची दगडरचनाही युनेस्कोच्या यादीत गेली.

मानसन्मान झाले, पर्यटकही आले. पण खोली भाड्याने देणं हे गडगा रचण्यापेक्षा सोपं, आणि पैसाही अधिक. त्यामुळे पूर्वीच्या मळ्यांचा आज लहानसा तुकडाच लागवडीखाली उरला आहे. राखण नसलेला गडगा आधी फुगतो, मग एखाद्या पावसात खालच्या पायऱ्यांना घेऊन सुटतो. २५ ऑक्टोबर २०११च्या अतिवृष्टीत वेर्नाझ्झा आणि मोंतेरोस्सो चिखल-दगडांखाली गाडले गेले. एकट्या वेर्नाझ्झात तिघांचा बळी गेला. तेवढ्या पावसापुढे गडगे पुरले असतेच असं नाही. पण खालचं गाव वरच्या शेतकऱ्याच्या भरवशावर जगतं, हे त्या दिवशी उघडं पडलं.

म्हणून शाक्केत्राची छोटी बाटली महाग वाटली, तर तिच्या किमतीत द्राक्षांबरोबर दगड उचलण्याची मजुरीही धरावी. ती मजुरी निघाली तरच गडगा टिकतो, आणि गडगा टिकला तरच गाव.