हॅडलीव्हिलची माणसं

‘हाय नून’मधला शेवटचा गोळीबार मला कधीच फारसा महत्त्वाचा वाटला नाही. वेस्टर्न म्हटलं की गोळीबार आलाच. हा चित्रपट मी वर्षानुवर्षं परत परत पाहत आलो, तो चर्चमधल्या एका प्रसंगासाठी. फ्रँक मिलर बाराच्या गाडीनं सूड उगवायला येतो आहे, त्याचे तीन साथीदार स्टेशनवर त्याची वाट पाहत बसलेत आणि मार्शल विल केन भर प्रार्थनेत शिरून हॅडलीव्हिल गावाकडे माणसं मागतो. चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, हे या दोघांचं खासगी वैर आहे. कुणी म्हणतं, आपण पैसे मोजतो ते कायदा राखणाऱ्यांना, मग आपण का लढायचं? मग महापौर हेंडरसन उठतो. केननं गावासाठी काय काय केलं ते तो भरभरून सांगतो. आता हाच पहिला पुढे येणार असं वाटत असतानाच तो म्हणतो, की उत्तरेकडची मंडळी इथे पैसा गुंतवायचा विचार करताहेत, रस्त्यात रक्त सांडल्याची बातमी गेली तर ती पाठ फिरवतील. तेव्हा विल, तू निघून जावंस हेच सगळ्यांच्या भल्याचं. थॉमस मिचेलनं हे भाषण इतक्या जिव्हाळ्यानं केलं आहे की हेंडरसन खोटं बोलतोय असं क्षणभरही वाटत नाही. त्याचं केनवर खरंच प्रेम आहे, आणि तरी तो त्याला मरणाच्या तोंडी सोडतो.

असं भाषण कल्पनेतून सुचत नाही, ते कानांनी ऐकलेलं असावं लागतं, असं मला कायम वाटत आलं. पटकथाकार कार्ल फोरमननं पुढे तेच सांगितलं. पटकथा लिहिताना आसपासची माणसं त्याच्याशी जे बोलत होती, त्यातलं बरंच त्यानं कागदावर उतरवलं होतं. या चित्रपटाच्या निर्मितीची खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

चित्रपटाची जुळवाजुळव थोडक्यात सांगतो. जॉन कनिंगहॅमची ‘द टिन स्टार’ ही कथा १९४७ साली ‘कोलियर्स’ मासिकात आली होती. निर्माता स्टॅन्ली क्रेमर आणि फोरमन हे भागीदार होते. ‘चॅम्पियन’, ‘होम ऑफ द ब्रेव्ह’, ‘द मेन’ असे कमी पैशांतले आणि धाडसी विषयांवरचे चित्रपट करून त्यांनी नाव कमावलं होतं. क्रेमरच्या कंपनीनं कोलंबिया स्टुडिओशी मोठा करार केला होता. ‘हाय नून’ हा मात्र युनायटेड आर्टिस्ट्सच्या जुन्या करारातला शेवटचा चित्रपट होता. त्यामुळे क्रेमरचं लक्ष कोलंबियाकडे आणि इथला रोजचा कारभार फोरमनकडे, अशी वाटणी झाली. दिग्दर्शक होता फ्रेड झिनेमन. मूळचा ऑस्ट्रियाचा ज्यू. त्याचे आईवडील नाझींच्या संहारात मारले गेले होते. सॅलिनासचा ब्रूस चर्च नावाचा लेट्यूसचा बडा व्यापारी पैसे घालायला तयार झाला. खर्चाचा अंदाज साडेसात लाख डॉलरच्या आसपास होता, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबानं किरकोळच.

जून १९५१मध्ये फोरमनच्या हाती समन्स पडलं. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाची जी समिती कम्युनिस्टांचा शोध घेत होती, तिनं त्याला साक्षीला बोलावलं होतं. फोरमन पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, नंतर त्यानं पक्ष सोडला होता. समितीला तेवढ्या कबुलीनं भागत नसे. आणखी कोण कोण होतं, ही नावं तिला हवी असत. नावं दिली की सुटका, न दिली की नाव काळ्या यादीत आणि काम बंद. हॉलिवूडच्या दहा जणांना अशाच नकारापायी तुरुंगात जावं लागलं होतं, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. फोरमननं ठरवलं, की नावं द्यायची नाहीत.

सप्टेंबरच्या सुरुवातीला चित्रीकरण सुरू झालं आणि २४ सप्टेंबरला फोरमन लॉस एंजेलिसमध्ये समितीपुढे उभा राहिला. मधल्या काळात कंपनीत काय घडलं, यावरूनच सगळा वाद आहे. त्याचा मुख्य कागद म्हणजे फोरमननं ऑगस्ट १९५२मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा समीक्षक बॉस्ली क्राउदर याला लिहिलेलं लांबलचक पत्र. चित्रपट नुकताच न्यूयॉर्कमध्ये झळकला होता, क्राउदरनं त्याची वाखाणणी केली होती आणि फोरमन तोवर देश सोडून इंग्लंडला गेला होता. भागीदारांनी आपल्याला कसं एकटं पाडलं, चित्रपटातून बाहेर काढायचा प्रयत्न कसा केला, हे त्यानं त्यात तपशिलानं मांडलं. पुढे लायनेल चेटविंडनं २००२ साली त्या पत्राच्या आधारे माहितीपट केला, तेव्हा क्रेमरची पत्नी कॅरन हिनं त्याला जोरदार हरकत घेतली. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही, तर निदान एकाच बाजूच्या कागदावरून त्याचा निवाडा करू नका, असा तिच्या म्हणण्याचा सूर होता. तिचं म्हणणं मला रास्त वाटतं. दुखावलेल्या माणसानं वर्षभरानं लिहिलेलं पत्र हा अस्सल पुरावा असला, तरी तो एका पक्षकाराचाच पुरावा असतो.

क्रेमरची बाजू अशी, की फोरमन भागीदारांशी मोकळेपणानं वागला नाही. आपल्यालाही कम्युनिस्ट म्हणून गोवण्याची धमकी त्यानं दिली, असं क्रेमरचं म्हणणं होतं. फोरमनच्या मते क्रेमरला आपल्या कंपनीची आणि कारकिर्दीची भीती वाटत होती, आणि फोरमननं स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याची मुभा देणाऱ्या पाचव्या घटनादुरुस्तीचा आसरा न घेता सगळं सांगून टाकावं अशी त्याची अपेक्षा होती. कोण किती खरं हे आता सांगता येणार नाही. पण काही गोष्टींवर वाद नाही. क्रेमरनं फोरमनला चित्रपटातून दूर व्हायला सांगितलं. तेव्हा झिनेमन, नायक गॅरी कूपर आणि पैसे घालणारा ब्रूस चर्च हे तिघं आडवे आले. शिवाय बँक ऑफ अमेरिकाच्या कर्जाच्या काही कागदांवर फोरमनच्या सह्या व्हायच्या होत्या, म्हणूनही त्याला काढणं जड गेलं. फोरमन चित्रपटावर राहिला. साक्षीनंतर मात्र भागीदारी मोडली, त्याला पैसे देऊन मोकळं केलं गेलं. सहनिर्माता म्हणून त्याचं नाव यायचं होतं ते गेलं. पटकथाकार म्हणून तेवढं टिकलं.

आडवे आलेल्या तिघांपैकी कूपरपाशी मी बराच वेळ घुटमळलो. तो पक्का उजव्या विचारांचा. कम्युनिस्टविरोधी ‘मोशन पिक्चर अलायन्स’चा सभासद. १९४७ साली तो याच समितीपुढे स्वखुशीनं गेला होता. कम्युनिस्ट छापाच्या पटकथा आपण नाकारल्या असं त्यानं तिथे सांगितलं, पण एकाही पटकथेचं वा माणसाचं नाव घेतलं नाही. ‘हाय नून’च्या वेळी तो पन्नाशीचा होता. पोटात अल्सर, पाठ धरलेली, पडती बाजारपेठ, आणि नेहमीच्या मानधनाच्या एका तुकड्यावर त्यानं ही भूमिका घेतली होती. केनच्या चेहऱ्यावर दिसणाऱ्या वेदनेतली थोडीफार खरीच होती. या माणसानं राजकारण बाजूला ठेवून फोरमनची पाठराखण केली. इतकंच नाही, तर फोरमनच्या नव्या कंपनीत आपण सहभागी होणार असं जाहीरही केलं. मग स्टुडिओचा दबाव आला, स्तंभलेखिका हेडा हॉपरनं आघाडी उघडली आणि काही दिवसांतच कूपरला माघार घ्यावी लागली. फोरमननं त्याला कधी दोष दिला नाही. मोठ्या नटांपैकी मदतीला धावलेला तो एकटाच, हे तो अखेरपर्यंत सांगत राहिला.

बाकीच्या नटांकडेही या नजरेनं पाहिलं की पडद्यावरचं गाव वेगळंच दिसायला लागतं. केनची साथ सोडणारा तरणा डेप्युटी हार्वे पेल झालेला लॉइड ब्रिजेस स्वतः डाव्या वर्तुळात वावरलेला होता. त्यानं चौकशीत सहकार्य केलं आणि त्याची कारकीर्द वाचली. त्याच्या उलट गोष्ट हाउलंड चेंबरलेनची. चित्रपटाच्या रसिकांनाही हे नाव पटकन आठवणार नाही. तो आहे हॉटेलचा कारकून. काउंटरमागे उभा, कोरड्या आवाजाचा. केनची नवपरिणीत बायको एमी त्याला विचारते, तुम्हाला माझा नवरा का आवडत नाही? तो शांतपणे सांगतो, की मिलर होता तेव्हा धंदा बरा चालत होता, आणि केनचे पाय ओढायला इथे पुष्कळ लोक टपलेत. त्याचा राग थंड आणि नीट हिशोबातला आहे. त्या छोट्याशा प्रसंगात अख्ख्या गावाचा अर्थव्यवहार उघडा पडतो. हे काम करणारा चेंबरलेन त्याच सुमारास प्रत्यक्षात समितीपुढे उभा राहिला. त्यानं नावं दिली नाहीत. त्याचं नाव काळ्या यादीत गेलं आणि चित्रपटांतलं काम वर्षानुवर्षं बंद झालं. १९७९च्या ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’मध्ये, ज्याचा या स्टॅन्ली क्रेमरशी काही संबंध नाही, तो न्यायाधीश म्हणून दिसतो. गावातला सर्वांत कडवट माणूस साकारणारा नट प्रत्यक्षात केनसारखा उभा राहिला. त्याची फिर्याद घेऊन मात्र कुणी आजवर माहितीपट काढलेला मला आढळला नाही.

छायालेखक फ्लॉइड क्रॉस्बीचा उल्लेख टाळता येत नाही. झिनेमन आणि त्यानं अमेरिकन यादवीच्या काळातली मॅथ्यू ब्रेडीची छायाचित्रं समोर ठेवली. वेस्टर्नमध्ये ढगांची नक्षी असलेलं गर्द आकाश दाखवायची रीत होती. क्रॉस्बीनं फिल्टर लावलेच नाहीत. आकाश पांढरंफटक, उन्हानं विटलेलं, चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या उघड्या. त्या आकाशाखाली केन काळ्या कपड्यांत चालत राहतो.

वॉर्नरव्हिलच्या स्टेशनवर बाराच्या गाडीचं दृश्य घेताना दोघांच्याही जिवावर बेतलं होतं. झिनेमननं आत्मचरित्रात ते लिहून ठेवलं आहे. कॅमेरा रुळांवर ठेवलेला, दोघं शेजारी पालथे पडलेले, लांबून इंजिन येतं आहे. आधी पांढरा धूर, मग काळ्या धुराचे लोट. दृश्य देखणं दिसत होतं म्हणून दोघं बघत राहिले. ब्रेक निकामी होत असल्याची ती खूण होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटच्या क्षणी ते बाजूला झाले; कॅमेऱ्याची तिवई रुळात अडकली आणि कॅमेऱ्याचा चुराडा झाला. आतली फिल्म शाबूत राहिली आणि तो तुकडा चित्रपटात आहे.

चित्रपट गाजल्यावर श्रेयाचंही भांडण झालं. आपण संकलनातून चित्रपट वाचवला, असं संकलक एल्मो विल्यम्स सांगत असे. झिनेमनला ते मुळीच मान्य नव्हतं. दिमित्री टिओम्किनच्या गाण्याबद्दलही अशाच कहाण्या आहेत. मला त्यात फार रस नाही. यशाला बाप पुष्कळ मिळतात. १९५३च्या ऑस्करमध्ये चित्रपटाला अभिनय, संकलन, संगीत आणि गीत अशी चार पारितोषिकं मिळाली. पटकथेचं नामांकन फोरमनला होतं, पारितोषिक नाही. कूपर मेक्सिकोत होता, त्याच्या वतीनं बाहुली स्वीकारली जॉन वेननं, आणि असली भूमिका मला का मिळाली नाही, अशी लटकी तक्रारही केली. याच वेननं १९७१च्या मुलाखतीत ‘हाय नून’ला सर्वाधिक अमेरिकाविरोधी चित्रपट ठरवलं आणि फोरमनला देशाबाहेर घालवायला हातभार लावल्याचा आपल्याला कधीच पश्चात्ताप होणार नाही, असंही सांगितलं. केन शेवटी आपला बिल्ला पायाखाली तुडवतो, असं त्याला आठवत होतं. केन तो नुसता धुळीत टाकतो. तेवढं टाकणंही वेनला सोसलं नाही.

इंग्लंडमध्ये फोरमननं ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ची पटकथा लिहिली, ती पुढे मायकेल विल्सननं नव्यानं लिहिली. काळ्या यादीमुळे पटकथेचं ऑस्कर मूळ कादंबरीकार पिअर बूल याला देण्यात आलं. ते दोघांच्या नावावर झालं १९८४ साली, दोघंही गेल्यानंतर.

आणि क्रेमर? त्यालाच खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण १९५८चा ‘द डिफायंट वन्स’ आडवा येतो. त्याची पटकथा लिहिणारा नेड्रिक यंग काळ्या यादीत होता, टोपणनावानं लिहीत होता. क्रेमरनं त्याला काम दिलंच, शिवाय यंग आणि त्याचा सहलेखक या दोघांना सुरुवातीच्या प्रसंगात ट्रकमध्ये बसवलं आणि लेखकांची नावं नेमकी त्यांच्या चेहऱ्यांवर झळकवली. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. त्या पटकथेला ऑस्करही मिळालं. भित्र्या माणसाचं हे काम नव्हे.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की क्रेमर हा मिलर नव्हता, तो हेंडरसन होता. भला, कर्तबगार, मित्रावर माया असलेला, पण ऐन वेळी कंपनीचा करार नजरेसमोर आलेला माणूस. फोरमनला ते नेमकं कळलं होतं, म्हणूनच हेंडरसनचं भाषण त्यानं इतक्या समजुतीनं लिहिलं. सात वर्षांनी क्रेमरनं जे धैर्य दाखवलं ते अस्सल होतं आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण ते फोरमनच्या उपयोगाचं नव्हतं. चूक दुरुस्त करायला माणसाला आयुष्य मिळतं. ज्याला एकटं पाडलं त्याला मात्र मदत त्याच दिवशी, बाराच्या आत हवी असते.