सोबतीची शिस्त

वारीतल्या बाईचा फोटो आपल्या ओळखीचा असतो. डोक्यावर तुळशीवृंदावन, कपाळाला बुक्का, भेगाळलेल्या टाचा आणि तोंडभर हसू. ते हसू खरं असतं, पण त्याचं सगळं श्रेय आपण घाईघाईने भक्तीला देऊन मोकळे होतो. भक्ती घरच्या देव्हाऱ्यापुढेही असतेच की. तिथे त्याच बाईच्या चेहऱ्यावर हे हसू क्वचित दिसतं. बरं, सगळं श्रेय देवदर्शनाचं म्हणावं, तर आषाढीला दर्शनबारी इतकी लांबते की असंख्य वारकरी कळसाला हात जोडून माघारी फिरतात आणि तरीही वारी घडली असंच मानतात. मग आळंदी ते पंढरपूर या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या, अठरा-वीस दिवसांच्या चालीत बाईला हलकं करणारं नेमकं काय असतं? माझं म्हणणं असं की त्याचं उत्तर दिंडीच्या बांधणीत आहे. कधी उठायचं, कुठे चालायचं, काय म्हणायचं, हे दिंडीत आधीच ठरलेलं असतं. ज्या बाईला घरी रोज सगळं ठरवावं लागतं आणि तरी ज्या घरात तिचं काही चालत नाही, तिला या ठरलेपणातच मोकळीक सापडते.

दिवस कसा जातो ते पाहिलं की हे कळतं. पहाटे तीनच्या सुमारास राहुट्यांत हालचाल सुरू होते. टँकरच्या पाण्यावर अंधारातच अंघोळी उरकाव्या लागतात, कारण उजाडल्यावर आडोसा मिळत नाही. ओली लुगडी पिळायची, वळकटी बांधायची, पत्र्याची पेटी ट्रकात चढवायची. ट्रक पुढच्या मुक्कामाला निघाला की अंगावर राहते एक पिशवी आणि आळीपाळीने डोक्यावर येणारी तुळस किंवा पाण्याचा हंडा. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, पखवाजी, विणेकरी, आणि बहुतेक दिंड्यांत त्यांच्या मागे बायका. अभंगांनाही क्रम आहे. सकाळी मंगलाचरण, भूपाळ्या, पुढे वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी. वार बदलला की वाराचे अभंग बदलतात. दिवस कलला की हरिपाठ. पुणे ते सासवड हा तिसाहून जास्त किलोमीटरचा टप्पा, त्यात दिवे घाटाची चढण. त्या रात्री पाय अक्षरशः आपले राहत नाहीत. कष्ट घरच्यापेक्षा कमी नसतात, कदाचित जास्तच. पण घरकाम बाईला हातांपेक्षा डोक्याने थकवतं. पीठ किती उरलं, नवऱ्याची गोळी कोणती, दुधाचा हिशेब कुठवर आला, उद्या भाजी कोणती. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणाची वर्गणी, भरली की हे प्रश्न दुसऱ्या कुणाचे तरी होतात. चाळीस वर्षं पंगत वाढून शेवटी बसलेली बाई इथे पंगतीत आधी बसते आणि ताटात पडेल ते जेवते.

मैत्रीसुद्धा याच बांधणीतून उगवते. समोरासमोर बसून आपलं दुःख सांगणं अवघड असतं. नजर कुठे ठेवायची हाच प्रश्न पडतो. शेजारी चालताना दोघींचीही नजर वाटेवर असते. वाक्य अर्ध्यावर सोडता येतं, मध्येच अभंग आला की टाळी धरता येते, आणि अभंग संपल्यावर उरलेलं सांगावं की गिळावं हे जिचं तिने ठरवायचं. ऐकणारी फारसा सल्लाही देत नाही, कारण तिलाही धाप लागलेली असते! शिवाय ती दुसऱ्या गावची, दुसऱ्या भावकीची. सुनेचं तोडून बोलणं, मुलाचं पिणं, तरण्या लेकीचं परत येणं, यातलं काहीच तिच्याकडून आपल्या पाणवठ्यावर पोचणार नाही, याची खात्री असते. सगळ्यांनी सगळ्यांना ‘माउली’ म्हणायचं आणि एकमेकांच्या पाया पडायचं, या रीतीमुळे कुणाची सून, कुणाची विहीण हे आधी विचारावं लागत नाही. त्यातही विधवेच्या दृष्टीने पाहिलं तर हा फरक फार मोठा आहे. गावातल्या हळदीकुंकवाला जिला बोलावणं येत नाही, तिच्या कपाळाला इथे तोच बुक्का लागतो जो सवाष्णीच्या, आणि तुळस तिच्याही डोक्यावर तितकीच शोभते. विसाव्याला साठीच्या बायका पदर खोचून फुगडी घालतात, तेव्हा त्यात कोण कोण आहे हे कुणी मोजत नाही.

गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांच्या प्रयत्नांतून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत विठ्ठल कधी बाप असतो, कधी भाऊ, आणि पंढरपूर हे माहेर. ही नुसती गोड कल्पना नाही. वारीतल्या पुष्कळ बायका पन्नाशी ओलांडलेल्या असतात. त्या वयात आईबाप गेलेले असतात आणि खरं माहेर भावजयीचं घर झालेलं असतं. तिथे चार दिवस राहायचं तर आधी फोन करून विचारावं लागतं. कुणी काम सांगत नाही, जुन्या मैत्रिणी भेटतात, पोटभर बोलता येतं, ही माहेराची जी व्याख्या मनात उरलेली असते, ती पूर्ण करणारी वारी ही एवढी एकच जागा बाकी राहते. 2020 आणि 2021 साली करोनामुळे पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. एकादशी झाली, पूजा झाली, टीव्हीवर दर्शनही झालं; राहिली ती फक्त चाल. आणि हळहळ तिचीच होती.

आता आक्षेप. पहिला सगळ्यात टोकदार आहे. सासू वारीला जाते तेव्हा घर कोण सांभाळतं? सूनच. पेरणी उरकून माणसं निघतात खरी, पण मागे गुरं असतात, पोरं असतात, खुरपणी तोंडावर आलेली असते. एका बाईचं हलकं होणं दुसरीच्या पाठीवर उभं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एवढंच म्हणता येईल की या रजेला घरात कुणी नाही म्हणू शकत नाही. आजारपण आणि बाळंतपण सोडलं, तर खेड्यातल्या बाईला हक्काने घराबाहेर राहता येईल असं दुसरं निमित्त मला दिसत नाही. तरण्या बायकांची अडचण वेगळी. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेऊन चालणाऱ्या बायका आहेत, आणि संडासाला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणाऱ्याही. राज्य महिला आयोगाने 2022 साली ‘आरोग्यवारी’ हा उपक्रम सुरू केला, वाटेवर सॅनिटरी नॅपकिन आणि स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आले. फिरती शौचालयंही वाढली. ही सोय श्रद्धेने झाली नाही, मागणी लावून धरल्याने झाली, हेही इथे नोंदवून ठेवायला हवं.

दुसरा आक्षेप इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात फार आधी नोंदवला. एकाच वाटेने, एकच अभंग म्हणत चालणाऱ्या दिंडीत ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसत, याची खंत त्यांना वाटली. म्हणजे ज्या बांधणीचं मी कौतुक करतो आहे, तीच बांधणी भेदही सांभाळून ठेवू शकते. हे मान्यच करायला हवं. वीणा आजही बहुतेक पुरुषाच्याच गळ्यात असते. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि सगळं शांत होतं. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते आणि तिचं गाऱ्हाणं ऐकलं जातं. ही फार देखणी पद्धत आहे. पण ते गाऱ्हाणं दिंडीचं असतं, जागेचं, क्रमाचं. बाईचं गाऱ्हाणं तिथवर पोचत नाही, ते मागच्या रांगेतच एकीकडून दुसरीकडे जातं. शिस्तीने तिला कान मिळवून दिला आहे, न्याय नाही. तरी कान मिळणं ही किरकोळ गोष्ट आहे असं म्हणणाऱ्याने कधी घरात गप्प बसून वर्षं काढलेली नसावीत.

पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि एसटी स्टँडवर गाठोडी जमतात. घरी गेल्यावर तेच घर, तोच नवरा, तीच सून; औषध उतरतं, असं कुणी म्हणेल. उतरतंच. म्हणून तर कार्तिक वद्यात ज्ञानेश्वर माउलींच्या समाधी सोहळ्याला आळंदीत इंद्रायणीच्या घाटावर त्याच बायका एकमेकींना शोधत फिरतात, आणि ज्येष्ठात ट्रक भरताना पेट्या पुन्हा शेजारी-शेजारी लागतात.